तीन नंबरचं कार्ड

ती केबल नको घेऊ, इम्तियाज. खिळ्यावर परत अडकव. उद्याच्या लग्नासाठी पाह्यजे असन तर खालच्या पेटीत पाच-सहा पडल्या आहेत, त्यातली कोणतीही ने. हिचे वेढेही सोडू नको. जशी आहे तशीच राहू दे.

आता तोंड कायले पाडून राह्यला? मामू एका केबलसाठी जीव टाकते, असंच वाटलं ना तुले? बस खाली. ओम, तू बी बस. लाइट काही इतक्यात येत नाही. मामी चहा आणून देईन, पण मी ही गोष्ट काढली की ती आतल्या खोलीत जाऊन बसते. तिले ऐकवत नाही. खरं सांगू, मलेही सांगवत नाही. पण तुम्ही दोघं कॅमेरे घेऊन रातरात लग्नात उभे राहता, तर एकदा कानावर गेलेली बरी.

माह्यासंगं नाही घडली. तुमच्यासारख्याच कॅमेरेवाल्या कलीमसंगं घडली. माह्या वाट्याले आलं ते एवढंच, की तिच्यातला एक तुकडा त्या रात्री या टेबलाच्या खणात पडला होता. बाकीचं कलीमनं मले इथंच बसून सांगितलं. त्याच स्टुलावर, ओम, ज्याच्यावर तू बसला. उठू नको रे. स्टूल काही करत नाही.

कलीमची मशीन तुम्ही पाह्यली नाही. आता लॅपटॉपवर बोट फिरवलं की पडद्यावरचा कॅमेरा बदलते. त्याची मशीन कोण्या मोठ्या सभागृहातून निघालेली, नागपुराहून जुनी आणलेली. लोखंडाची पेटी, उचलाले दोन माणसं लागत. तिच्या पाठीत चार खाचा. एकेका खाचेत एकेक कार्ड सरकवायचं, दोन स्क्रू आवळायचे, अन् त्या कार्डात एका कॅमेऱ्याची केबल लावायची. कार्ड म्हणजे मशीनचा डोळा समज. कार्ड नसलं तर समोर कॅमेरा उभा असो की नसो, मशीनले काही दिसत नाही. कलीमच्या पुढ्यात एक टीव्ही, त्यात चार चौकोन, एका कार्डाचा एक चौकोन. तो ज्या नंबरचं बटन दाबल ते चित्र मोठ्या पडद्यावर जाणार, अन् त्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर लाल दिवा लागणार.

नियम कडक होते त्याचे. लाल दिवा लागला की हलायचं नाही. हेडफोनमध्ये कलीमनं 'होल्ड' म्हटलं, तर तो 'सोड' म्हणेपर्यंत जागेवरून पाय उचलायचा नाही. समोर कार्यक्रम चालू असते, म्हणून कॅमेरामननं बोलायचं नाही, कॅमेऱ्यानं बोलायचं. कॅमेरा जरासा खाली-वर केला म्हणजे 'हो'. आडवा हलवला म्हणजे 'नाही'. कलीमले त्याच्या चौकोनात समजे. अन् काम संपल्यावर ज्याची केबल त्यानंच गुंडाळायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

तीन नंबरवर फुलचंद. ढाणकीच्या पुढं पैनगंगेच्या अंगाले हिरासिंग तांडा, तिथला. दिवसा शेतात, रात्री कॅमेऱ्यावर. माणूस मोजकं बोले, पण हात असे स्थिर, की चित्र भिंतीवर टांगलेल्या फोटोसारखं दिसे. त्याची एक खोड होती. नवरी दाखवायची असली की आधी तिचे हात दाखवणार. बांगड्या, मेहंदी, बोटं. तिथं एक श्वासभर थांबणार, अन् मग हळूहळू वर चेहऱ्यापर्यंत जाणार. कलीम हेडफोनवर चिडे, "चेहरा दाखव रे बावा, हात काय दाखवून राह्यला?" हा कॅमेरा आडवा हलवे. नाही म्हणजे नाही. मागून चहा पिताना म्हणे, "भाई, चेहरा तं फोटोसाठी तयार केलेला राह्यते. हात तयार नसते."

दुसरी खोड म्हणजे तो डावखोरा. सगळे केबल उजवीकडून गुंडाळत, हा डावीकडून. अन् वरून बांधायले लाल कापडाची पट्टी. त्याची बायको रुपीबाई, तिनं आपल्या जुन्या फेटियाची, म्हणजे त्यांच्या घागऱ्याची, पट्टी फाडून दिली होती. तिच्यावर टिकलीएवढा गोल आरसा टाचलेला. काम चालू असताना ती पट्टी फुलचंदच्या मनगटाले, काम संपलं की केबलले. रुपीबाई कलीमले हसत सांगे, रात्री उशीर झाला की जमनी विचारते, बा काहून नाही आला. मी म्हणते, केबल गुंडाळून राह्यले असतीन, झाली की येतीन.

जमनी म्हणजे त्याची पोरगी. एकुलती.

आता सतरा सालचं सांगतो. त्या वर्षीची कपाशी आठवते का तुम्हाले? तुम्ही शाळेत असान. झाडं डोक्याच्या वर गेलती. फवारा वर मारावा लागे अन् तोच तोंडावर पडे. जिल्ह्यात किती माणसं दवाखान्यात भरती होऊन राह्यली, ते आपल्याले मागून समजलं. तेव्हा कोणाले काही वाटत नव्हतं. डोळे चुरचुरले तर पाणी मारायचं अन् कामाले लागायचं.

सप्टेंबरची तीन तारीख, रविवार. गणपतीचे दिवस. ढाणकीले ऑर्केस्ट्रा होता. फुलचंद दिवसभर फवारणी करून तसाच आलता. कलीमले म्हणाला, "भाई, डोळ्यात जराशी आग होऊन राह्यली." कलीम तारा जोडण्यात होता. म्हणाला, "धुऊन घे. आज मोठं काम आहे."

साडेनऊले पाहुणे आले. कलीमनं हेडफोनवर सांगितलं, "तीन नंबर, होल्ड. मी सोड म्हणेपर्यंत हलायचं नाही." चौकोनातलं चित्र खाली-वर झालं. हो.

मग पाणी आलं. असं आलं की मंडप उडतो की काय. जनरेटरनं झटका मारला अन् तीन नंबरचं कार्ड जळालं. चौकोन काळा झाला. कलीमनं मशीनवर ताडपत्री ओढली, एक अन् दोन नंबरवर कार्यक्रम कसाबसा पुढं नेला. अन् तीन नंबर त्याच्या डोक्यातूनच गेला. पोट्टेहो, ही चूक आपल्याच धंद्यातला माणूस करते. समोरचं चित्र गेलं की त्याच्या मागं उभा असलेला माणूसही गेला, असं वाटते. तो असते ना तिथंच. चित्र गेलं म्हणून माणूस घरी गेलेला नसते.

बारा वाजता सामान भरताना किसनसिंग म्हणाला, "भाई, फुलचंद कुठं आहे?" किसनसिंग दोन नंबरवाला. तेव्हा कलीम कॅमेऱ्याच्या माचीकडं पळाला.

फुलचंद उंच माचीवर तसाच उभा होता. अंगावरून पाणी निथळत होतं. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याले मिठी मारल्यासारखा वाकलेला. पायाशी उलटी झालेली, तोंडातून लाळ. अडीच तास. कलीमनं खांद्याले हात लावला तं म्हणाला, "भाई, लाल दिवा दिसत नव्हता मले. पण तुमचा आवाज नाही आला... म्हटलं, अजून सोडलं नसन."

त्या रात्री त्याची केबल कलीमनं गुंडाळली. पाच वर्षांत पहिल्यांदा.

गाडीत टाकून यवतमाळले नेलं. पोचेपर्यंत उजाडलं, अन् नजर गेलेली होती. तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टर रुपीबाईले म्हणाले, दोन-तीन तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. कलीम दाराशीच उभा होता. त्यानं ऐकलं. रुपीबाईले वाटत होतं, काम संपल्यावर तब्येत बिघडली. त्यानं तिले वाटू दिलं.

आदल्या रात्री फुलचंदनं चाचपडून त्याचा हात धरला होता. म्हणाला, "जमनीच्या लग्नात माह्या नंबरवर दुसरा उभा नका करू, भाई." कलीम हो म्हणाला. माफी मागायची होती. तोंडाशी आलती, पण माघारी गेली. उद्या मागू, असं वाटलं त्याले. उद्या काही आला नाही. मनगटावरची लाल पट्टी फुलचंदनं दवाखान्यातही काढू दिली नव्हती. चितेवर ठेवताना कोणीतरी सोडू लागलं, तं रुपीबाई म्हणाली, राहू द्या. तशीच गेली त्याच्यासंगं.

आठ महिने कलीम भुतासारखा वावरला. काम करे, जेवे, पण समोरच्या माणसाकडं पाहत नव्हता. माह्याजवळ एकदाच बोलला. "चाचा, माणूस मरून गेल्यावर माफी कोणाले मागायची?" मी रेडिओ-टीव्ही उघडणारा माणूस. म्हटलं, "त्याच्या घरच्यांले माग." तो उठून गेला.

आता त्या रात्रीचं ऐका. दोन हजार अठरा, एप्रिलची सत्तावीस तारीख, शुक्रवार. शबे-बरात चार दिवसांवर होती, म्हणून मामी घर धुऊन काढत होती अन् हे टेबल मी ओट्यावर मांडलं होतं. दुपारी चार वाजता कलीम छोटा हत्ती टेम्पोत मशीन टाकून आला. म्हणाला, "चाचा, एकदा तपासून द्या. आज रात्री जमनीचं लग्न आहे."

मी मशीन उघडली. एक अन् दोन ठीक. चारमध्ये फोटो दाखवायचा लॅपटॉप लागे, तेही ठीक. तीनची खाच रिकामी. ते जळलेलं कार्ड आठ महिन्यांपासून माह्याकडंच होतं, त्याच्यात लागणारा एक पार्ट कुठंच मिळत नव्हता. मी म्हटलं, "चार नंबरचं काढून तीनमध्ये टाकून देऊ का?" तो म्हणाला, "नको. तीन नंबर रिकामाच ठेवायचा आहे." मी बरं म्हटलं. धूळ जाऊ नये म्हणून खाचेवर टिनाची पट्टी बसवली. दोन स्क्रू. या हातांनी आवळले. कार्ड पेपरात गुंडाळून खणात होतं, अन् सकाळीही तिथंच होतं. मध्ये मी रात्रभर झोपलो होतो, खोटं कायले बोलू?

संध्याकाळी सातले तो तांड्यावर पोचला. रुपीबाईले म्हणाला, हे लग्न माह्याकडून. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं मांडवाच्या एका अंगाले मशीन लावली, समोर मोठा पडदा. एक नंबरवर रामधन, दोनवर किसनसिंग. फुलचंदची एक जुनी पद्धत होती. कोणत्याही मांडवात तो मधल्या खांबाले टेकून उभा राहे. तिथून सगळं दिसते अन् कोणाच्या वाटेत येत नाही. कलीमनं खांबाजवळची जागा मोकळी ठेवली. तिथं खुर्ची मांडायले आलेल्या एकाले त्यानं हातानंच मागं फिरवलं. तीन नंबरची केबल पेटीच्या तळाशी होती, त्यानंच आठ महिन्यांपूर्वी उजवीकडून गुंडाळलेली. ती त्यानं बाहेर काढली नाही.

लग्न लागलं. जेवणं झाली. लेकरं झोपली. चांदणं असं पडलं होतं की कपाशीच्या मोकळ्या वावरातली ढेकळं मोजता यावी. पुनवेले तीन दिवस होते.

पाठवणी निघाली. ओम, तुले ढावलो सांगायची गरज नाही, इम्तियाजले सांगतो. बंजाऱ्याची पोरगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडते अन् रडत रडत गाते. आईसाठी वेगळं, भावासाठी वेगळं. जमनी रुपीबाईच्या गळ्यात पडली. मग काकूच्या. मग मावशीच्या. मग थांबली.

आता बापाची पाळी होती.

कलीमनं मशीनवरची वेळ पाह्यली. तीन वाजून दहा मिनिटं. ती सवय असते, किती रेकॉर्डिंग झालं ते पाहायची. वेळ पाह्यली अन् नजर वर उचलली...

तीन नंबरचा चौकोन उजळला होता.

त्याले वाटलं, पडद्याची तिरीप असन. त्यानं टीव्ही जरा वळवला. चित्र तसंच. त्यानं मशीनच्या मागं हात घातला. टिनाची पट्टी. एक स्क्रू. दुसरा स्क्रू. केबल नाही. काही नाही.

चौकोनात हात होते.

नवरीचे हात. बांगड्या कोपरापर्यंत. मेहंदी. एका बोटाची कातडी सोललेली, चुलीवर भाजलेली असन. चित्र तिथं थांबलं... एक श्वासभर.

मग हळूहळू वर निघालं.

कलीमले माहीत होतं ते कुठं जाणार. त्यानं एक नंबर पाह्यला. रामधन दूर होता. दोन नंबर पाह्यला. किसनसिंगच्या चौकोनात जमनीची पाठ. हे चित्र समोरून होतं. मधल्या खांबाकडून.

चेहरा आला. रडून सुजलेला. तिचा काका पुढं झाला, बापाच्या जागी. तिनं मान हलवली. अन् ती चालू लागली. खांबाकडं. बापाची जागा तिलेही माहीत होती ना, लहानपणापासून.

चौकोनात चेहरा मोठा होत गेला.

कलीमच्या बोटानं बटन दाबलं. तो म्हणते, मी नाही दाबलं, बोटानं दाबलं. मोठ्या पडद्यावर जमनी आली. सगळा तांडा पडद्याकडं वळला. कलीमनं मशीनवरून पलीकडं पाह्यलं. खांबाजवळ कोणी नव्हतं. पण माणसाच्या डोक्याच्या उंचीवर... अंधारात... एक लाल ठिपका होता.

जमनीनं खांबाले मिठी मारली.

पडदा काळा झाला. पुरा काळा नाही. ओढणीचं कापड, त्याच्यावरचे आरसे, अगदी जवळून. एखाद्याच्या छातीशी कोणी तोंड लपवलं तर त्याले जसं दिसल, तसं. अन् आवाज फक्त तिचा.

"बा... ए बा..."

कोणी हललं नाही.

कलीमनं हेडफोनचा माइक तोंडाजवळ आणला. "फुलचंद?"

...

चित्र जरासं खाली गेलं. वर आलं.

हो.

"दिसून राह्यलं तुले?"

खाली. वर.

कलीम रडत होता, पण आवाज हळू ठेवला, सवय असते. म्हणाला, "मी विसरलो रे तुले. चौकोन काळा झाला अन् मी विसरलो. मले माफ केलं का?"

चित्र हललं नाही. खाली-वर नाही. आडवं नाही. नुसतं स्थिर. तो म्हणते, चाचा, त्या स्थिर चित्राइतकं मी कशालेच भ्यालो नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

जमनी मागं सरली. चित्रात उजेड आला. मग ते चित्र तिच्यावरून निघालं... हळू... मांडवातल्या माणसांवरून... अन् एका जागी थांबलं.

रुपीबाईचे हात. रिकामे. एकावर एक ठेवलेले.

तिथंच राह्यलं.

बराच वेळ राह्यलं.

तेव्हा कलीमले समजलं. माफी त्याच्याजवळ मागायची नव्हती. मी सांगितलं तेव्हा जे समजलं नाही, ते तेव्हा समजलं. तो माइकमध्ये म्हणाला, "सांगतो. आजच सांगतो तिले."

चित्र परत जमनीवर गेलं. ती वऱ्हाडाच्या गाडीत चढत होती. आता एकच काम उरलं होतं, आठ महिन्यांपूर्वीचं. पण ते केलं की लाल दिवा विझणार. अन् पोरगी अजून दिसून राह्यली होती. कलीमचं बोट बटनावर थांबलं. ज्याचे डोळे आपल्यामुळं गेले, त्याले 'आता पुरे' कसं म्हणायचं? गाडी सुरू झाली. वळणावर गेली. मागचा दिवा दिसेनासा झाला. चित्र रिकाम्या रस्त्यावर होतं.

"पाहून झालं का, फुलचंद?"

खाली... वर.

"सोड, भाऊ. सुटला तू."

त्यानं एक नंबर दाबला. तीनचा चौकोन काळा झाला. खांबाकडं पाहायची हिंमत त्याले झाली नाही.

किसनसिंग येऊन हेडफोन काढत म्हणाला, "भाई, तुम्ही कोणाले सोड म्हणून राह्यलते?" तांड्यातल्या बाया एकमेकींत म्हणत होत्या, फुलचंदच्या हातासारखंच चित्र काढलं हो त्या पोरानं. कोणत्या पोरानं, ते कोणी विचारलं नाही. रेकॉर्डिंग कलीमनं न पाहताच जमनीकडं पाठवून दिलं. त्यात काय आहे ते तिले माहीत. तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

सामान तसंच टाकून कलीम रुपीबाईकडं गेला. ती मांडवात एकटीच बसली होती. त्यानं तिच्यापुढं जमिनीवर बसून सगळं सांगितलं. होल्ड म्हटलं, ते. विसरलो, ते. अडीच तास, ते. डॉक्टर बोलले तेव्हा दाराशी उभा होतो, तेही. ती ऐकत राह्यली. ती शिव्या देईन, उठून जाईन, असं त्याले वाटलं. ती खांबाकडं पाहत होती.

मग म्हणाली, "भाई, त्या रात्री केबल गुंडाळली होती का त्यांनी?"

"नाही, भाभी. मीच गुंडाळली."

"मंग काम राह्यलंच होतं त्यांचं," ती म्हणाली. अन् इतक्या वेळानं पदर तोंडाले लावला. कलीम तिच्याजवळ बसून राह्यला. दोघंही रडले. मी तुम्हाले सांगतो, आठ महिन्यांचं रडले.

उजाडल्यावर तो सामान भरायले उठला. मशीन बंद केली, टीव्ही उतरवला. मग केबलींची पेटी उघडली. रात्रभर तिले कडी होती. वर रामधनच्या, किसनसिंगच्या केबलींची जागा रिकामी, त्या अजून मांडवात अंथरलेल्या. अन् तळाशी जी तीन नंबरची होती, ती...

तो पेटी तशीच घेऊन सरळ माह्याकडं आला. दार वाजवलं तेव्हा मी फजरची नमाज पढून बसलो होतो. म्हणाला, "चाचा, ही घरात ठेववत नाही, फेकवत नाही. तुम्ही ठेवा." मी हातात घेतली. थंड होती. दवानं भिजलेली. पिनेले तांड्यातली लाल माती, ओली. अन् पेटी आतून कोरडी.

दुसऱ्या वर्षी त्यानं मशीन विकली. आता पोराकडं नांदेडले राहते. माणसांकडं पाहून बोलते, हसतेही. रुपीबाईकडं दर गणपतीत एक चक्कर टाकते. ती त्याले जेवू घालते. ते जळलेलं कार्ड अजून या खणात आहे, पाह्यजे तं उद्या दिवसा दाखवीन.

काय म्हणतं, ओम? केबलीत काय होतं ते सांगितलं नाही? टॉर्च इकडं कर. मोबाइलचाच कर. हात लावू नको, नुसतं पाह्य. वेढे कोणत्या बाजूनं आहेत? डावीकडून ना? आता खाली ये, जिथं बांधली आहे तिथं. लाल आहे ते कापड. अन् ते चमकून राह्यलं ना मधोमध... हो. आरसाच आहे तो.